काचेतील पेशी आणि तिचे माध्यम

सस्तन प्राण्याची पेशी शरीरातून काढून साध्या पाण्यात टाकली, तर ती काही क्षणांत फुगते आणि फुटते. रक्ताइतक्याच खारट पाण्यात टाकली, तर फुटत नाही. पण फार काळ जगतही नाही. शरीरात असताना साखर आणि अमिनो आम्ले तिला रक्तातून मिळतात, प्राणवायू फुफ्फुसांकडून येतो, जे तिला स्वतः बनवता येत नाही ते यकृत बनवून देते आणि तिने टाकलेला कचरा मूत्रपिंडे काढून नेतात. वाढायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा, हेही तिला शेजारच्या पेशी आणि दूरच्या ग्रंथी सांगत असतात. पेशीसंवर्धनात ही सगळी कामे बशीतल्या काही मिलिलिटर द्रवावर येऊन पडतात. या द्रवाला संवर्धनमाध्यम म्हणतात. प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलण्यात तो ‘मीडिया’ असतो. पेशी बशीच्या तळापासून सोडवणारी, जंतूंपासून वाचवणारी आणि गोठवून जपणारी रसायने त्याच्या जोडीला येतात.

माध्यम म्हणजे पेशीचे अन्न, अशी समजूत आहे. ती अपुरी आहे. कोणत्या पेशी जगतील, कोणत्या मागे पडतील, जगलेल्या पेशी आपले मूळ काम करत राहतील की नुसत्या विभागत राहतील, हे बहुतांशी माध्यमच ठरवते. पेशीला नेमके काय लागते हे माणसाला जसजसे कळत गेले, तसतशी माध्यमे बदलत गेली. जे अजून कळलेले नाही, तेही त्यांच्या घटकांच्या यादीत स्पष्ट दिसते.

सुरुवात पाण्यापासून झाली. १८८२ च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे काढलेले हृदय खारट द्रवात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. हृदय बराच वेळ चालत राही. पुढे उलगडा झाला की तो द्रव ऊर्ध्वपातित पाण्यात बनवलेलाच नव्हता; त्यासाठी लंडनच्या नळाचे पाणी वापरले गेले होते. शुद्ध पाणी घेताच धडधड मंदावली आणि थांबली. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम हृदयाला चालवत होते. रिंगर यांनी हा खुलासा स्वतःच छापला आणि सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांचे प्रमाण एकमेकांशी जुळले पाहिजे हे दाखवून दिले. पुढे अर्ल आणि हँक्स यांच्या नावाने ओळखले जाणारे समतोल क्षारद्रव याच पायावर उभे राहिले. पाण्याचा धडा मात्र दर पिढीला नव्याने शिकावा लागतो. गंगेच्या खोऱ्यातील भूजलात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. असे पाणी उलट परासरण, आयन-विनिमय आणि सूक्ष्म गाळणी या टप्प्यांतून नेल्याशिवाय माध्यमासाठी चालत नाही. त्यातले जंतू मारले तरी जंतूंच्या भित्तिकेतली विषद्रव्ये मागे उरतात आणि संवेदनशील पेशींना ती पुरेशी घातक ठरतात. माध्यमाच्या भुकटीची किंमत सगळे पाहतात; ती ज्यात विरघळवायची त्या पाण्याची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी.

१९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेताऊतीचा तुकडा लसिकेच्या थेंबात लटकता ठेवला आणि त्यातून चेतातंतू वाढताना पाहिले. प्राण्याची ऊती शरीराबाहेर वाढते, याचा हा पहिला भक्कम पुरावा. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये अलेक्सिस कॅरल यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयपेशी १९१२ पासून वाढवल्या. त्यांच्या माध्यमात कोंबडीचा रक्तद्रव आणि भ्रूणाचा अर्क असे. हा पेशीवंश १९४६ पर्यंत चालवला गेला आणि त्यावरून पेशी अमर असतात असे जगाने मानले. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी ही समजूत मोडली. माणसाच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात, असे त्यांनी दाखवले. कॅरल यांच्या बाटल्यांत दर वेळी घातल्या जाणाऱ्या भ्रूणाच्या अर्काबरोबर नव्या जिवंत पेशी जात असाव्यात, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. माध्यमात काय आहे हे ठाऊक नसले, तर त्या माध्यमातून निघालेला निष्कर्ष किती वर्षे दिशाभूल करू शकतो, हे या प्रकरणातून कळते.

१९५१ मध्ये बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांनी हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून ‘हेला’ हा पेशीवंश उभा केला. लॅक्स यांची त्यासाठी संमती घेतलेली नव्हती आणि त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. गाय यांचे माध्यम घरचेच होते: कोंबडीचा रक्तद्रव, गायीच्या भ्रूणाचा अर्क आणि माणसाच्या नाळेतील रक्ताचे सीरम. याच प्रयोगशाळेत पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे पीएच.डी.नंतरच्या प्रशिक्षणासाठी गेल्या. वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम.एस्सी. करून त्या मुंबईत व्ही. आर. खानोलकरांच्या हाताखाली आल्या होत्या आणि १९४९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली होती. बाल्टिमोरहून परतल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. तिचा उल्लेख देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा असा होतो. हे केंद्र पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाले. रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले, पण महाराष्ट्रातल्या शाळांतून त्यांचे नाव जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही.

याच टाटा मेमोरियल सेंटरमुळे वाराणसीचा संबंध इथे जुळतो. काशी हिंदू विद्यापीठाच्या आवारातील महामना पंडित मदन मोहन मालवीय कर्करोग केंद्र २०१९ मध्ये सुरू झाले आणि ते टाटा मेमोरियल सेंटरच चालवते. परळच्या त्या प्रयोगशाळेची आणि गंगेकाठच्या या रुग्णालयाची संस्था एकच आहे. विषयाच्या शेवटी पुन्हा या रुग्णालयाकडे यावे लागेल.

माध्यमाला शास्त्राचे रूप दिले ते हॅरी ईगल यांनी. अर्कांच्या काळात माध्यम लागू पडले तरी का लागू पडले हे कुणाला सांगता येत नसे. १९५० मध्ये कॅनडात ‘मीडियम १९९’ तयार झाले. त्यात साठाहून अधिक घटक होते आणि पोलिओच्या लसीच्या कामात त्याने मोठी मदत केली. पण त्यातले खरोखर आवश्यक कोणते, हा प्रश्न तसाच राहिला. ईगल यांनी उलट वाट धरली. उंदराच्या ‘एल’ पेशी आणि हेला पेशी घेऊन त्यांनी एकेक घटक वगळून पाहिला. जो वगळल्यावर पेशी मरतात तो आवश्यक, एवढीच कसोटी. १९५५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: १३ अमिनो आम्ले, मोजकी जीवनसत्त्वे, ग्लुकोज, क्षार आणि थोडी सीरममधील प्रथिने.

या यादीतली एक गोष्ट थांबून पाहण्याजोगी आहे. माणसाच्या आहारात आठ-नऊ अमिनो आम्ले अत्यावश्यक मानतात. बशीतल्या पेशीला मात्र आर्जिनीन, सिस्टीन, टायरोसीन आणि ग्लुटामीनही बाहेरून द्यावी लागतात. शरीरात यकृत फेनिलअलॅनीनपासून टायरोसीन बनवते, मेथिओनीनपासून सिस्टीनकडे जाणारी वाट चालवते. एकट्या पेशीपाशी ही यंत्रणा नसते किंवा अपुरी असते. म्हणजे ईगल यांच्या यादीत पेशीची भूक दिसते, तसेच तिच्यासाठी एरवी इतर अवयव काय करत असतात तेही दिसते. १९५९ मध्ये हीच यादी ‘मिनिमम इसेन्शियल मीडियम’ म्हणून स्थिरावली. पुढे रेनाटो डलबेको यांनी अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे सुमारे चौपट केली आणि डीएमईएम हे माध्यम आले. ते आज जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांच्या फ्रिजमध्ये असते. पांढऱ्या रक्तपेशींसाठी न्यूयॉर्क राज्यातील रॉसवेल पार्क संस्थेत आरपीएमआय १६४० बनले; त्याचे नावच त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून पडले. रिचर्ड हॅम यांचे एफ-१२ हे सीरमशिवाय एकेकट्या पेशीपासून वसाहत वाढवण्याच्या हेतूने १९६५ मध्ये आले.

डीएमईएमच्या एका प्रकारात ग्लुकोज लिटरला १ ग्रॅम असते, दुसऱ्यात ४.५ ग्रॅम. उपाशीपोटी निरोगी माणसाच्या रक्तातील साखर साधारण पहिल्या आकड्याच्या जवळ असते. दुसरा आकडा बेताल मधुमेहाचा आहे. भराभर वाढणाऱ्या पेशींना जास्त साखर चालते, म्हणून दुसरा प्रकार सवयीने वापरला जातो. स्वादुपिंड, रक्तवाहिन्यांचे अस्तर किंवा चरबीच्या पेशींवर चयापचयाचा अभ्यास करताना तो विचार न करता घेणे चुकीचे आहे. अशा प्रयोगातली ‘सामान्य’ पेशी मुळातच मधुमेही वातावरणात वाढलेली असते.

आम्लतेचा तोल राखण्यासाठी शरीरातलीच युक्ती वापरतात. माध्यमात सोडियम बायकार्बोनेट घालतात आणि इन्क्युबेटरमधील हवेत ५ टक्के, काही माध्यमांसाठी १० टक्क्यांपर्यंत, कार्बन डायऑक्साइड ठेवतात. दोन्हींच्या समतोलातून पीएच ७.२ ते ७.४ च्या दरम्यान राहतो. बायकार्बोनेटचे प्रमाण आणि वायूचे प्रमाण यांची जोडी जुळवावी लागते. आरपीएमआय १६४० मध्ये बायकार्बोनेट लिटरला २ ग्रॅम, तर डीएमईएममध्ये ३.७ ग्रॅम असते, त्यामुळे दोन्ही माध्यमे एकाच टक्केवारीत ठेवली की त्यांचा पीएच सारखा येत नाही. बाटली बराच वेळ उघड्या हवेत राहिली की वायू निघून जातो आणि माध्यम जांभळट होते. हा रंग फिनॉल रेडचा. तो ७.४ ला लाल, ७ च्या आसपास नारिंगी आणि त्याखाली पिवळा दिसतो. पिवळे माध्यम म्हणजे पेशींची गर्दी झाली किंवा जंतू शिरले. अनुभवी माणूस सूक्ष्मदर्शकाकडे जाण्याआधी बाटलीचा रंग पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण फिनॉल रेड हा निव्वळ दर्शक नाही. स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम त्याच्या नमुन्यांत आढळल्याने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर संप्रेरकांचे काम करताना तो वगळतात.

माध्यम उकळून निर्जंतुक करता येत नाही, कारण ग्लुटामीन आणि काही जीवनसत्त्वे उष्णतेने मोडतात. ते ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळतात. ग्लुटामीन तर ३७ अंशांवर आपोआपही मोडते आणि अमोनिया सोडते. त्यामुळे महिनाभर फ्रिजमध्ये पडलेल्या माध्यमात ते पुन्हा घालावे लागते किंवा अलॅनिल-ग्लुटामीन हे टिकाऊ रूप वापरावे लागते. प्रकाशही शत्रूच. रायबोफ्लेविन आणि ट्रिप्टोफॅन यांच्यावर ट्यूबलाइटचा उजेड पडत राहिला, तर हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. उत्तर भारतातल्या मे-जूनमध्ये, वीज गेली आणि पेटीतला बर्फ वितळला की शीतसाखळी तुटते. अशा माध्यमाचा दोष दिसण्यावरून ओळखता येत नाही, पेशी मात्र हळूहळू मंदावतात.

आता सीरमकडे. ईगल यांच्या यादीतला शेवटचा घटक सर्वांत कमी समजलेला होता आणि आजही तसाच आहे. माध्यमात साधारण १० टक्के गोगर्भसीरम घालतात. गाभण गायीची कत्तल झाल्यावर गर्भाच्या हृदयातून रक्त काढून ते बनवतात. गर्भाचेच का? गायीच्या वारेतून आईची प्रतिपिंडे गर्भात जात नाहीत. ती वासराला जन्मानंतर चिकातून मिळतात. त्यामुळे गर्भाच्या रक्तात पेशींना इजा करणारी प्रतिपिंडे फार कमी आणि वाढीला चालना देणारी द्रव्ये भरपूर असतात. त्यात अल्ब्युमिन, लोह वाहणारे ट्रान्सफेरिन, पेशींना काचेला चिकटायला मदत करणारी प्रथिने, प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन हे विकर थांबवणारे घटक, मेदद्रव्ये आणि अनेक संप्रेरके असतात. नेमकी किती, ते प्रत्येक लॉटगणिक बदलते. म्हणूनच एखाद्या लेखात ‘१० टक्के सीरम’ एवढेच लिहून लॉट क्रमांक सोडला, तर तो प्रयोग दुसऱ्याला तंतोतंत करता येत नाही. सीरमचे नमुने मागवून आधी आपल्या पेशींवर तपासायचे आणि पसंत पडलेला लॉट वर्षभराचा एकदम राखून ठेवायचा, ही शिस्त खर्चिक वाटते. पण अर्धवट निष्कर्षांचा खर्च तिच्याहून मोठा असतो.

भारतात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे हे सीरम मुख्यतः परदेशातून येते, आणि गायींच्या मेंदूच्या संसर्गजन्य रोगाच्या भीतीने कोणत्या देशातले सीरम चालेल याचे नियमही कडक आहेत. भुकटीच्या रूपातील माध्यमे मुंबईच्या हायमीडियासारख्या देशी कंपन्या बनवतात. सीरमच्या बाबतीत देश परावलंबीच आहे. गर्भातून रक्त काढण्याच्या पद्धतीबद्दलचे नैतिक आक्षेपही बिनतोड आहेत. या दोन्ही अडचणींचे उत्तर एकच: सीरममध्ये नेमके काय काम करते ते ओळखून तेवढेच वापरणे. १९७६ मध्ये गॉर्डन साटो आणि इझुमी हायाशी यांनी पियुषिका ग्रंथीच्या पेशी सीरमऐवजी संप्रेरकांच्या मिश्रणावर वाढवून दाखवल्या. इन्शुलिन, ट्रान्सफेरिन आणि सेलेनियम हे त्रिकूट त्यातूनच रूढ झाले. आज औषधी प्रतिपिंडे बनवणाऱ्या कारखान्यांत चिनी हॅमस्टरच्या पेशी सीरमशिवायच वाढतात. विद्यापीठांच्या प्रयोगशाळा मात्र सवयीने सीरमला धरून आहेत.

कीटकांच्या पेशींची गोष्ट वेगळी, पण पुण्यात घडलेली म्हणून सांगावीशी. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत, के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस डासांच्या अळ्यांपासून पेशीवंश तयार केले. या पेशी २८ अंशांच्या आसपास वाढतात आणि त्यांच्या माध्यमात दुधातील प्रथिनांचे व यीस्टचे अर्क असतात. त्यातल्या एका वंशापासून १९७८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ अकिरा इगाराशी यांनी निवडलेला सी६/३६ हा पेशीवंश आज जगभर डेंग्यूचा विषाणू वाढवण्यासाठी वापरतात.

माध्यमाच्या जोडीच्या रसायनांत पहिले ट्रिप्सिन. काचेला किंवा प्लास्टिकला चिकटलेल्या पेशी सोडवून दुसऱ्या फ्लास्कमध्ये नेण्याला पॅसेज म्हणतात. ०.२५ टक्के ट्रिप्सिन पेशींना धरून ठेवणारी प्रथिने तोडते, आणि सोबतचे ईडीटीए कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधून ठेवते. सीरम घालताच ट्रिप्सिन थांबते, म्हणून आधी पेशी सीरमरहित क्षारद्रवाने धुवाव्या लागतात. ट्रिप्सिन जास्त वेळ राहिले, तर पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीही कापले जातात. पेनिसिलिन मिलिलिटरला १०० एकक आणि स्ट्रेप्टोमायसिन १०० मायक्रोग्रॅम हे प्रतिजैविकांचे रूढ प्रमाण. पण त्यांची कायमची कुबडी घातक आहे. मायकोप्लाझ्मा या जंतूला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. तो गाळणीतून निसटतो, माध्यम गढूळ करत नाही आणि पेशींचा चयापचय मुकाट्याने बदलतो. डीएनए रंगवून किंवा पीसीआरने नियमित तपासणी हाच उपाय.

पेशी जपण्यासाठी १० टक्के डीएमएसओ घालून मिनिटाला साधारण एक अंश या गतीने तापमान उतरवतात आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. वितळवताना मात्र घाई करायची. डीएमएसओ उबेत पेशींना विषारी असते. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राची पेशीपेढी याच पद्धतीवर चालते. १९८६ मध्ये प्राणी-ऊती व पेशीसंवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झालेली ही संस्था देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवते. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये गोवराची लस माणसाच्या फुफ्फुसातील द्विगुणित पेशींवर बनते. त्या पेशी हेफ्लिक यांनी दाखवलेल्या मर्यादेतच वाढवायच्या असतात, म्हणून सुरुवातीच्या पॅसेजच्या गोठवलेल्या साठ्याला तिथे सोन्याचे मोल असते.

वाराणसीत या शास्त्राची एक जुनी शाखा आहे ती गुणसूत्रांची. १९६० नंतर एस. पी. रायचौधुरी यांच्या नेतृत्वाखाली काशी हिंदू विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग गुणसूत्रविज्ञानाचे केंद्र झाला. तिथेच लालजी सिंह यांनी सापांच्या लिंगगुणसूत्रांवर काम केले. पुढे डीएनए बोटठशांसाठी ते देशभर ओळखले गेले आणि २०११ ते २०१४ या काळात याच विद्यापीठाचे कुलगुरू होते. माणसाची गुणसूत्रे पाहण्यासाठी आजही रक्तातील पांढऱ्या पेशींचे तीन दिवसांचे संवर्धन करतात. त्यांना विभागायला लावणारे द्रव्य राजम्यापासून मिळते. लाल पेशी एकत्र गोळा करण्यासाठी वापरला जाणारा हा अर्क लसिकापेशींना विभाजनाला प्रवृत्त करतो, हे १९६० मध्ये पीटर नोवेल यांच्या लक्षात आले. आरपीएमआय १६४०, सीरम आणि हा अर्क अशा मिश्रणात रक्ताचे थेंब सुमारे ७२ तास ३७ अंशांवर ठेवतात. शेवटी कोल्चिसीनने विभाजन मध्येच अडवतात, पोटॅशियम क्लोराइडच्या विरल द्रावणाने पेशी फुगवतात आणि मिथेनॉल व अॅसेटिक आम्लात स्थिर करतात. डाऊन लक्षणसमूहाच्या निदानासाठी येणाऱ्या कुटुंबाला मिळणारा अहवाल याच ७२ तासांवर अवलंबून असतो. अर्काचा लॉट निकृष्ट असला की विभाजने दिसत नाहीत आणि आईवडिलांना पुन्हा रक्त द्यायला यावे लागते.

मूलपेशींच्या बाबतीत माध्यमाचे काम सर्वांत नाजूक होते. इतर पेशींना माध्यमाने जगवायचे असते; मूलपेशीला जगवतानाच तिला काही बनण्यापासून रोखायचे असते. १९८१ मध्ये मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी, आणि स्वतंत्रपणे गेल मार्टिन यांनी, उंदराच्या भ्रूणातील मूलपेशी वाढवल्या. त्यासाठी विभाजन थांबवलेल्या पेशींचा थर खाली पसरावा लागे. प्रयोगशाळेत त्याला ‘फीडर’ म्हणतात. हा थर नेमके काय देतो, त्याचे मुख्य उत्तर १९८८ मध्ये मिळाले: एलआयएफ हे प्रथिन. २००८ पर्यंत ऑस्टिन स्मिथ यांच्या गटाने सीरम आणि फीडर दोन्ही वगळून दोन छोट्या रेणूंवर उंदराच्या मूलपेशी टिकवल्या. हे रेणू पेशीला कोणतीही आज्ञा देत नाहीत. रूपांतराकडे ढकलणारे संदेश अडवतात. पेशीला काही पुरवण्यापेक्षा तिच्यापासून काही दूर ठेवणे हेही माध्यमाचे काम असू शकते, हे यातून प्रथमच इतके स्पष्ट झाले.

माणसाच्या भ्रूणीय मूलपेशी १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी विस्कॉन्सिनमध्ये वेगळ्या केल्या. उंदरासाठी पुरणारे एलआयएफ त्यांना पुरले नाही. त्यांना एफजीएफ-२ हे वाढीचे प्रथिन लागले. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकी सरकारने संशोधनासाठी मान्य केलेल्या पेशीवंशांच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे तीन होते. पुढे परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत किंड-१ आणि किंड-२ हे वंश तयार झाले. सुरुवातीच्या मानवी पेशी उंदराच्या फीडरवर आणि प्राणिज घटकांत वाढलेल्या होत्या. २००५ मध्ये अजित वारकी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या पेशी माध्यमातील प्राण्यांचे सियालिक आम्ल स्वतःच्या पृष्ठभागावर बसवतात. माणसाच्या शरीरात ते बनत नाही आणि माणसाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. अशा पेशी रुग्णाला दिल्या, तर शरीर त्यांना परके मानण्याचा धोका होता.

उपाय म्हणून घटक कमी करण्याचे काम पुन्हा सुरू झाले. २०११ मध्ये थॉमसन यांच्याच प्रयोगशाळेने ई८ हे माध्यम दिले. डीएमईएम-एफ १२ या मूळ मिश्रणात इन्शुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम, क जीवनसत्त्व, एफजीएफ-२, टीजीएफ-बीटा आणि बायकार्बोनेट, बस्स. आधीच्या माध्यमांत मर्कॅप्टोइथेनॉल घातले जाई. अल्ब्युमिन काढून टाकताच तेच विषारी ठरते, हे त्यांना आढळले. म्हणजे एक घटक दुसऱ्याचा दोष झाकत होता. ईगल यांची वगळण्याची रीत साडेपाच दशकांनंतरही तितकीच फलदायी ठरली. पेशींना टेकायला उंदराच्या गाठीतून काढलेल्या जेलऐवजी व्हिट्रोनेक्टिन किंवा लॅमिनिन वापरता येते. सुट्या केलेल्या मानवी मूलपेशी मरून जातात. वाय-२७६३२ हा रेणू पहिल्या दिवशी घातला, तर त्या तगतात, हे जपानमध्ये २००७ मध्ये दाखवले गेले.

रुग्णासाठी केलेल्या संवर्धनाचे भारतातले उत्तम उदाहरण हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे आहे. चुना किंवा आम्ल डोळ्यात गेल्याने बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी नष्ट झालेल्या रुग्णांसाठी तिथे निरोगी डोळ्यातील छोटा तुकडा मानवी गर्भवेष्टनाच्या पडद्यावर वाढवतात. माध्यमात प्राण्याच्या सीरमऐवजी रुग्णाचे स्वतःचेच सीरम घालतात. फीडर नाही, परकी प्रथिने नाहीत. परदेशी, महाग साहित्याची वाट न पाहता हातातल्या गोष्टींनी वैद्यकीयदृष्ट्या अधिक सुरक्षित मार्ग काढता येतो, हे या कामाने दाखवले. बाजारात ‘स्टेम सेल उपचार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोष्टींत माध्यमाची अशी काटेकोर नोंद नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या मार्गदर्शक सूचनांचा आग्रह नेमका याच नोंदीवर आहे.

आता पुन्हा वाराणसीच्या कर्करोग केंद्राकडे. गंगेचे खोरे पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या भागांत मोडते आणि हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. असे असताना या रोगाच्या अभ्यासासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पेशीवंशांपैकी बरेचसे जपानी रुग्णांच्या गाठींपासून आलेले आहेत. स्थानिक गाठींपासून पेशी वाढवण्यात पहिला अडथळा तंतुजनक पेशींचा. दहा टक्के सीरम घातले, तर गाठीभोवतीच्या या पेशी भराभर वाढतात आणि दोन-तीन आठवड्यांत खऱ्या कर्कपेशींना झाकून टाकतात. म्हणून सीरम कमी करून किंवा काढून टाकून ईजीएफ हे वाढीचे प्रथिन, हायड्रोकॉर्टिसोन आणि इन्शुलिन देतात. काही ठिकाणी एल-व्हॅलीनऐवजी डी-व्हॅलीन वापरतात, कारण तंतुजनक पेशींकडे ते वापरण्याचे विकर नसते. २००९ मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने आतड्याच्या मूलपेशी जेलमध्ये ईजीएफ, नॉगिन आणि आर-स्पाँडिन देऊन त्रिमितीय रूपात वाढवल्या. हीच वाट पुढे पित्तमार्ग आणि पित्ताशयाच्या पेशींसाठी वापरली गेली. शस्त्रक्रियागृहातून आलेला तुकडा थंड, प्रतिजैविकयुक्त माध्यमात काही तासांच्या आत पोहोचणे, पित्ताचे अवशेष धुऊन जाणे आणि कोलॅजिनेज या विकराने पेशी सुट्या होणे या सुरुवातीच्या पायऱ्यांवर पुढचे सगळे अवलंबून असते. पित्तातील आम्ले पेशींना मारतात आणि पित्ताशयात मुळात जंतूही असू शकतात.

पेशी वाढल्या म्हणजे काम संपत नाही. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी वेगवेगळे समजले जाणारे अठरा पेशीवंश प्रत्यक्षात हेला असल्याचे दाखवले होते. त्यामुळे नव्या पेशींचा डीएनए रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहावा लागतो, आणि केराटिन ७ व १९ या पित्तमार्गाच्या अस्तराच्या खुणा टिकल्या आहेत का हेही तपासावे लागते. मायकोप्लाझ्माची चाचणी निर्दोष आली, की सुरुवातीच्या पॅसेजच्या कुप्या नायट्रोजनमध्ये जातात. त्यांच्या नोंदीत रुग्णाची संमती, गाठीचा प्रकार आणि पॅसेज क्रमांक यांच्याबरोबर माध्यमाचा पूर्ण तक्ता, प्रत्येक घटकाचे प्रमाण आणि लॉट क्रमांक लिहिलेले असतात, म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेला तीच पेशी त्याच परिस्थितीत वाढवता येते.